ऑक्टाविया आरएसमध्ये १.९ टीडीआय : नवख्यांसाठी पायरीपायरीने

पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाविया आरएसला (ऑक्टावियाची वेगवान आवृत्ती) भारतात १.८ लिटरचे, १५० पीएसचे टर्बो पेट्रोल इंजिन येत असे आणि त्याच्या प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह होते. माझ्या आरएसचा टायमिंग बेल्ट खंबाटकी घाट चढताना तुटला. फ्लॅटबेडवरून गाडी पुण्यातल्या धायरीच्या गॅरेजात आली, हेड उघडले, आणि वीस व्हॉल्व्हपैकी किती वाकले हे मोजून झाल्यावर जो खर्चाचा आकडा समोर आला, त्यापेक्षा कमी पैशांत त्याच पिढीची एक चालू डिझेल ऑक्टाविया मिळत होती. तिथून आरएसमध्ये डिझेल इंजिन बसवण्याच्या या उद्योगाला सुरुवात झाली आणि तो आठ महिन्यांच्या रविवारांनी संपला. त्यातले निदान तीन महिने केवळ अज्ञानापोटी वाया गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधीच स्पष्ट करतो की कागदावर हा तोट्याचा सौदा आहे. १.९ टीडीआय, म्हणजे ऑक्टावियाचे १.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, ९० पीएस देते आणि त्याचा २१० न्यूटन-मीटरचा टॉर्क पेट्रोलच्या आकड्याइतकाच आहे. म्हणजे गाडी वेगवान होत नाही. मला हवे होते ते साधे, दणकट आणि स्वतः समजून घेता येईल असे इंजिन, शिवाय आरएसची चासी, सीट आणि ब्रेक वाया जाऊ द्यायचे नव्हते. तुमचा हेतू केवळ ताकद वाढवण्याचा असेल, तर पेट्रोल इंजिनच दुरुस्त करा. पैसे आणि झोप दोन्ही वाचतील.

१. पाना हातात घेण्यापूर्वी कागद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मुळात ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्य किटसाठी कायद्याने वाट ठेवली आहे; पेट्रोल गाडीत सुटे डिझेल इंजिन बसवणे त्या वाटेत बसत नाही, कारण त्यात आरसीवरचे इंधन, इंजिन क्रमांक आणि घनक्षमता हे तिन्ही रकाने बदलतात.

म्हणून नियम एकच ठेवा. संगम पुलाजवळच्या आरटीओची (पिंपरी-चिंचवडची गाडी असल्यास एमएच-१४ च्या कार्यालयाची) लेखी परवानगी आधी हातात नसेल, तर ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. "सगळेच करतात, पासिंगला कोण बघतो" असे सांगणारे गॅरेजवाले अपघातानंतर विमा कंपनीपुढे तुमच्या शेजारी उभे राहणार नाहीत. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो. कोथरूडच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या वाहनचाचणी संस्थेतून "सर्टिफिकेट काढून देतो" असे कोणी म्हणाल्यास तेही मनावर घेऊ नका. तिथल्या चाचण्या वाहननिर्मात्यांच्या आणि किट बनवणाऱ्यांच्या नमुन्यांसाठी असतात, तुमच्या-माझ्या एका गाडीसाठी नव्हे. माझ्या आरएसच्या नोंदणीची पंधरा वर्षे त्याच सुमारास संपली. मी नूतनीकरण केले नाही. गाडी आता फक्त बंदिस्त ट्रॅकवर चालते आणि तिथे फ्लॅटबेडवरून जाते.

कागदांची फाईल अशी ठेवा :

- स्वतःच्या गाडीची आरसी आणि विम्याची प्रत
- डोनर गाडीची (जिच्यातून डिझेल इंजिन काढायचे तिची) मूळ आरसी, तिच्यावरील चासी व इंजिन क्रमांकांचे स्वतः काढलेले फोटो
- मालकी बदलाचे नमुने २९ व ३०; कर्ज असल्यास बँकेची एनओसी आणि नमुना ३५
- विक्रेत्याची सही असलेली पावती, ओळखपत्राच्या प्रतीसह
- डोनर मोडीत काढल्यावर कलम ५५ खाली नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. कायद्याने ही माहिती १४ दिवसांत देणे अपेक्षित आहे

यातल्या शेवटच्या मुद्द्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. सांगाडा भंगारात गेला, पण नोंदणी तुमच्या नावावर जिवंत राहिली, तर त्या क्रमांकाचे भलतेसलते चलन उद्या तुमच्या दारात येऊ शकते.

२. सुटे इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या

माझी सर्वांत महागडी चूक इथे झाली. सुरुवातीला मी एका विक्रेत्याकडून तारेने बांधलेले सुटे इंजिन आणले. टर्बो जागेवर होता, पंप जागेवर होता आणि इंजिन दिसायलाही स्वच्छ होते. परंतु त्याचे वायरिंग कटरने छाटलेले होते, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) भलत्याच गाडीचा होता, आणि इंजिन क्रमांकाची आरसी मागितल्यावर विक्रेता हसला. कागद नसलेले इंजिन चोरीचेही असू शकते. मी ते मिळेल त्या किमतीला परत दिले.

मेकॅनिकल भाग नाना पेठेत मिळतात, नाहीतर मागवता येतात. पण अशा अदलाबदलीत अडते ते किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर : ईसीयू, मीटरचा क्लस्टर, चावी, अॅक्सिलरेटरचे पॅडल, ग्लो प्लगचा रिले, टाकीतला सेंडर (इंधनाची पातळी मोजणारा भाग), ब्रॅकेट आणि साठ-सत्तर विशिष्ट लांबीचे बोल्ट. हे सगळे एकाच गाडीतून निघाले तर ते एकमेकांना ओळखते. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवले, तर प्रत्येक जोडणी एक नवे कोडे होते. मागून ठोकर बसलेली, पण चालू असलेली डिझेल ऑक्टाविया हा उत्तम डोनर. पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तिच्या कनेक्टरमधली हिरवी बुरशी दोन वर्षांनी त्रास देते.

३. डोनर चालू असतानाच तपासा

इंजिन उतरवल्यावर तपासणी म्हणजे वराती मागून घोडे. गाडी रात्रभर थंड ठेवा आणि सकाळी स्वतःच्या हाताने स्टार्ट करा. लागलीच सुरू झाली पाहिजे. धूर पांढरा आणि बराच वेळ येत राहिला, तर कॉम्प्रेशन किंवा टायमिंग बिघडले आहे असे समजा. निळा आला तर ऑइल जळते आहे.

कॉम्प्रेशन डिझेलच्याच गेजने मोजा, कारण पेट्रोलचा गेज या दाबाला टिकत नाही. या इंजिनात चांगला आकडा साधारण २५ ते ३१ बार असतो, १९ बार ही झिजेची मर्यादा आहे, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक ५ बारच्या वर नसावा. त्यानंतर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑइलचा पातळ थर चालेल, ओंजळभर ऑइल साचलेले असेल तर टर्बोचे सील गेले आहेत. हे ऑइल पुढे पहिल्या स्टार्टच्या वेळी का जीवघेणे ठरते ते अकराव्या पायरीत सांगितले आहे.

स्कॅनर लावून सगळे कोड छापून घ्या आणि त्यांच्या प्रती फाईलला लावा.

४. जागा आणि हत्यारे

छत, सपाट काँक्रीट आणि कुलूप लागेल अशी जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नये. दुसऱ्या रविवारी सेक्रेटरी येतात. मी धायरीच्या एका मेस्त्रींच्या शेडचा कोपरा महिन्याच्या भाड्याने घेतला आणि त्या भाड्यात त्यांचा अधूनमधून मिळणारा सल्लाही आला, तो भाड्यापेक्षा मोलाचा ठरला.

लागणारी हत्यारे अशी : एक टनाचा चेन ब्लॉक किंवा इंजिन क्रेन, चार भक्कम घोड्या, टॉर्क रेंच, ड्राइव्हशाफ्टच्या बोल्टसाठी बारा कोनी बिट, कॅमशाफ्ट अडकवण्याची पट्टी आणि पंपाची पिन, हाताचा व्हॅक्युम पंप, मल्टिमीटर, व्हीसीडीएस (गाडीच्या ईसीयूशी बोलणारे तपासणीचे सॉफ्टवेअर) चालणारा लॅपटॉप आणि अग्निशामक सिलिंडर. बारा कोनी बोल्टला साधी अॅलन की लावण्याचा मोह होतो. एकदा तोंड घासले की तो बोल्ट वेल्डिंगशिवाय निघत नाही.

५. खोलताना

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करा आणि आधी डोनर खोला. प्रत्येक कनेक्टर सोडण्यापूर्वी फोटो, सोडल्यावर लेबल. मी मास्किंग टेपवर बॉलपेनने लिहिले होते. तिसऱ्या रविवारी डिझेलच्या हाताने सगळी अक्षरे पुसली गेली आणि माझ्यासमोर एकसारख्या काळ्या तोंडांचे चाळीस कनेक्टर उरले. मग मेस्त्रींनी थंड पेयाचा अॅल्युमिनियमचा रिकामा डबा कात्रीने कापला, त्याच्या पट्ट्यांवर खिळ्याने अक्षरे कोरली आणि त्या पट्ट्या तारेने वायरला बांधल्या. त्या अजून वाचता येतात.

६. बाहेर असतानाच बेल्ट, क्लच आणि सील

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पुल्या आणि वॉटर पंप एकत्रच बदला. इंजिन बाहेर असताना हे दुपारचे काम आहे, गाडीत बसल्यावर दोन दिवसांचे. कॅमशाफ्टच्या टोकाच्या खाचेत पट्टी, पंपाला पिन आणि फ्लायव्हीलवरची खूण, ही तिन्ही एकाच वेळी जुळली पाहिजेत. "एक दात इकडेतिकडे चालतो" हे इथे खरे नाही. मागचा क्रँक सील बदला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग नवे घाला, आणि दोन तुकड्यांचे फ्लायव्हील असल्यास त्याचा खुळखुळाट तपासा.

७. इंजिन आणि गिअरबॉक्स

दोन्ही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवरच्या असल्याने चासीला कापाकापी लागत नाही. मात्र ब्लॉकला लागणारे फाउंडेशनचे (इंजिन चासीवर टेकवणाऱ्या आधारांचे) ब्रॅकेट डोनरचेच घ्या.

गिअरबॉक्सच्या बाबतीत फसगत होते. पेट्रोलचा पाच गिअरचा बॉक्स डिझेलच्या ब्लॉकला बसतो, आणि बसतो म्हणून बरेच जण तोच ठेवतात. पेट्रोल इंजिन साडेसहा हजार आरपीएमपर्यंत फिरते, डिझेल साडेचार हजारांच्या आसपास थकते. पेट्रोलचे आखूड गिअर डिझेलला लावले, तर प्रत्येक गिअर सुरू होता होताच संपतो आणि पाचव्यात इंजिन विनाकारण किंचाळत राहते. डोनरचाच गिअरबॉक्स वापरा. ड्राइव्हशाफ्ट लावण्यापूर्वी फ्लँजचा व्यास मोजा. जुळला नाही तर शाफ्टही डोनरचे.

८. वायरिंग

माझ्या आठ महिन्यांपैकी अडीच इथे गेले, आणि तेही मी वायरमनला "जमवून टाका" असे सांगितल्यामुळे. वायर कापून जोडण्याचा विचार मनातून काढून टाका. डोनरच्या इंजिनाचे वायरिंग वायपरच्या खालच्या खोबणीतल्या ईसीयूपासून सेन्सरपर्यंत आणि आत रिलेच्या पट्टीपर्यंत अखंड काढा, आणि तसेच्या तसे आरएसमध्ये पसरा. एबीएस, एअरबॅग, दिवे आणि खिडक्यांचे वायरिंग आरएसचेच राहू द्या.

ईसीयू, क्लस्टर आणि चावी या तिघांची इमोबिलायझरने (चोरीविरोधी यंत्रणेने) गाठ बांधलेली असते. तिन्ही डोनरची घेतली तर कोणताही कोड न फोडता गाडी सुरू होते. एकही आरएसची ठेवली, तर इंजिन सुरू होऊन क्षणात बंद पडते आणि माणूस डिझेल पंपाला दोष देत बसतो. क्लस्टर बदलल्याने आरपीएमचा काटाही डिझेलच्या मापाचा होतो, हा आणखी एक फायदा. मला आरएसचा मूळ क्लस्टर दिसायला आवडत होता आणि त्या हौसेपायी तीन रविवार गेले. शेवटी तो घरी शोकेसमध्ये ठेवला.

डिझेलच्या अॅक्सिलरेटरला केबल नसते, सेन्सर पॅडलमध्येच असतो. म्हणून पॅडलही डोनरचे. ईसीयूला वीज देणारा १०९ क्रमांकाचा रिले नवा घ्या आणि एक जादा डॅशमध्ये ठेवा. तो आतून सोल्डर सुटून दगा देतो आणि तेव्हा गाडी कसलीही पूर्वसूचना न देता मरते. अर्थिंगच्या पट्ट्यांखालचा रंग खरवडून धातूला धातू लावा.

९. टाकी आणि डिझेलची लाईन

या इंजिनाचा रोटरी पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. आरएसच्या टाकीत मात्र पेट्रोलची इलेक्ट्रिक मोटर असते. ती काढून डोनरचा सेंडर बसवा. टाकी खाली उतरवून पूर्ण कोरडी करा. या पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, त्यामुळे टाकीत राहिलेले पेट्रोल आत गेले तर पंपाच्या आतले भाग कोरडे घासतात, आणि पंपाची दुरुस्ती हा या प्रकल्पातला सर्वांत मोठा खर्च ठरू शकतो.

इंधन भरण्याची मान बदलायला विसरू नका. पेट्रोल गाडीच्या मानेत अरुंद भोक आणि झडप असते, आणि डिझेलची जाडी नळी त्यात शिरत नाही. मी विसरलो होतो, आणि पहिले वीस लिटर डिझेल फनेल आणि पाण्याच्या बाटलीच्या मानेने भरले.

१०. व्हॅक्युम, पाणी आणि हवा

पेट्रोल इंजिन ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्युम इनटेकमधून देते. डिझेलच्या इनटेकमध्ये तसा व्हॅक्युम तयार होत नाही, म्हणून इंजिनाला वेगळा व्हॅक्युम पंप असतो आणि बूस्टरचा पाइप तिथे जोडावा लागतो. माझा तो पाइप खाली लोंबकळत राहिला होता. शेडच्या आवारात चालण्याच्या वेगाने गाडी हलवली, ब्रेकवर पाय ठेवला, आणि पॅडल दगडासारखे लागले. भिंतीपासून हातभर अंतरावर हँडब्रेकने गाडी थांबली. गाडी हलवण्यापूर्वी इंजिन चालू-बंद करून पॅडलचा मऊपणा तपासा, आणि उतारावर तर मुळीच तपासू नका.

रेडिएटरचे होज डोनरचे लागतात. कूलंट एकाच प्रकारचे भरा. गुलाबी आणि हिरवे मिसळले तर तपकिरी गाळ होतो. ऑइल व्हीडब्ल्यू ५०५.०० प्रतीचे घाला.

११. पहिला स्टार्ट

पंप कोरडा फिरवू नका. रिटर्नच्या टोकाला हाताचा व्हॅक्युम पंप लावून, पारदर्शक नळीत बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल ओढून घ्या. पंपावरच्या फ्युएल-कट सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा आणि मगच वायर लावा. नोझलच्या पाइपांनी एअर धरली असेल तर त्यांचे नट किंचित सैल करून काढा. दाबाखालच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, तो कातडीच्या आत शिरतो.

आता ऑइलचे. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल इंजिनाने ओढले, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावू लागते. चावी बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो आणि शेवटी इंजिन फुटते. यावर उपाय हवा कोंडणे हाच. पहिल्या स्टार्टला एअर फिल्टरचा डबा काढून ठेवा आणि इनटेकच्या तोंडाएवढी प्लायवूडची फळी हातात धरून एका माणसाला तिथे उभे करा. हात किंवा फडके नको, ते आत ओढले जाते. आमच्याकडे फळी घेऊन मेस्त्री स्वतः उभे राहिले. चौथ्या प्रयत्नाला इंजिन दोनदा खोकले, शेड पांढऱ्या धुराने भरली, आणि मग तो ओळखीचा खडखड आवाज स्थिर झाला. फळी वापरावी लागली नाही, पण ती मी अजून डिकीत ठेवतो.

इंजिन पूर्ण तापल्यावर व्हीसीडीएसवर इंजेक्शन टायमिंगचा आलेख पाहा आणि ते आलेखातल्या मान्य पट्ट्याच्या मध्यावर आणा.

१२. ट्रॅकवर नेण्यापूर्वी

डिझेलचे नाक जड असल्याने पुढच्या स्प्रिंगची उंची आणि व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांवर थांबा, बोनेट उघडा, आणि फाउंडेशनचे बोल्ट, ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट व होजचे क्लिप टॉर्क रेंच घेऊन पुन्हा पाहा; माझे दोन क्लिप सैल झाले होते. मोठे नोझल आणि ईसीयूचा रिमॅप (त्यातल्या सेटिंगमधले बदल) यांचा विचार असे दोन ट्रॅक-दिवस निर्धोक गेल्याशिवाय करू नका, नाहीतर दोष जुन्या कामाचा की नव्या भागाचा हे कळत नाही.

बेल्ट बदलल्याची तारीख आणि क्लस्टरवरचे किलोमीटर बेल्टच्या कव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवा. क्लस्टर डोनरचा असल्यामुळे ते किलोमीटर याच इंजिनाचे आहेत. माझ्या आरएसच्या जुन्या कव्हरवर कोणीच काही लिहिलेले नव्हते.